शंभराच्या तिकिटातले किती रुपये परत येतात?

लॉटरीच्या टेबलासमोर उभा राहणारा माणूस एकच प्रश्न विचारतो: पहिलं बक्षीस केवढ्याचं? तिकिटावर तो आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो, त्यामुळे नजर तिथेच जाते. पण तिकीट घ्यावं की नाही हे ठरवायला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. लोकांनी मिळून तिकिटांवर घातलेल्या दर शंभर रुपयांतले किती रुपये बक्षिसांच्या रूपाने लोकांकडे परत येतात, आणि त्यातले किती तुमच्या-माझ्या वाट्याला येण्याची खरोखर शक्यता आहे?

पहिला वाटा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के होता. हा कर तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो, म्हणून हिशेब थोडा उलटा करावा लागतो. १०० रुपयांचं तिकीट म्हणजे १४० भागांपैकी ४० भाग कर. रुपयांत सांगायचं तर २८ रुपये ५७ पैसे. बक्षीस म्हणून परत जाणारी रक्कम आधी वजा करा आणि उरलेल्यावरच कर लावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. त्यामुळे कर पूर्ण तिकिटावरच लागतो.

राहिले साधारण ७१ रुपये. त्यातून छपाई, वितरकाचा वाटा, टेबल टाकून बसलेल्या विक्रेत्याचं कमिशन, सोडतीचा आणि जाहिरातीचा खर्च आणि सरकारचा नफा निघतो. मग जे उरतं ते बक्षिसांचं. देशातली सर्वांत मोठी लॉटरी केरळची. तिची उलाढाल वर्षाला दहा हजार कोटींच्या वर आहे. तिथे जीएसटी २८ टक्के असताना साधारण ६० टक्के रक्कम बक्षिसांत जाते असं सांगितलं जायचं. कर वाढला की तिकीट महाग करायचं, बक्षिसं आणि कमिशन कापायचं, नाहीतर सरकारने आपला नफा कमी करायचा, एवढेच मार्ग उरतात.

आता एक काल्पनिक सोडत घेऊ. आकडे माझे आहेत, पण घडण खऱ्या योजनांसारखीच आहे. १०० रुपयांची १० लाख तिकिटं, म्हणजे १० कोटी जमा. बक्षिसं अशी: १ कोटीचं एक, १० लाखांची पाच, १० हजारांची एक हजार, १ हजाराची दहा हजार आणि २०० रुपयांची पंचाहत्तर हजार. बेरीज बरोबर ५ कोटी. म्हणजे शंभरातले पन्नास परत. ऐकायला ठीक वाटतं.

पण हे पन्नास कुठे ठेवलेत ते बघा. त्यातले पंधरा रुपये वरच्या सहा तिकिटांत आहेत. दहा लाखांतली ती सहा तिकिटं सोडली, तर बाकी सगळ्यांच्या वाट्याला शंभरामागे पस्तीसच येतात. या पस्तीसांतही दहा रुपये दहा हजारांच्या बक्षिसांचे आहेत, आणि ते हजारात एका तिकिटाला लागतं. दर आठवड्याला न चुकता एक तिकीट घेणाऱ्याला ते सरासरी एकोणीस वर्षांत एकदा मिळेल. तेही सोडलं तर उरतात पंचवीस. नेमाने तिकीट घेणाऱ्याचा रोजचा अनुभव या पंचवीस रुपयांचा असतो: शंभर घातले, पंचवीस आले. शंभरातली एक्क्याण्णव तिकिटं पूर्ण कोरी जातात. ज्यांना काही लागतं त्यांतल्या बहुतेकांना दोनशे मिळतात, आणि ते दोनशे बरेचदा त्याच टेबलावर पुढच्या दोन तिकिटांत जातात.

छोट्या बक्षिसांचं काम नेमकं हेच आहे. वर्षभर एकही पैसा परत आला नाही तर माणूस येणं बंद करील. अधूनमधून दोनशे लागले की ‘आपलं नशीब चालू आहे’ असं वाटत राहतं. त्याहून चिवट चीज म्हणजे थोडक्यात हुकलेला नंबर. शेवटचे चार आकडे जुळले, सिरीज तेवढी वेगळी निघाली! गणिताच्या नजरेने त्या तिकिटात आणि एकही आकडा न जुळलेल्या तिकिटात काही फरक नाही. मनाला मात्र तो फार मोठा वाटतो. बक्षीस योजना आखणाऱ्यांना हे ठाऊक असतं. बऱ्याच योजनांत तोच नंबर पण दुसरी सिरीज असलेल्यांना वेगळं छोटं बक्षीस ठेवलेलं असतं.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेतो, कारण आखातात काम करणारे आपले लोक त्यात हटकून भाग घेतात. दुबई विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीची दहा लाख डॉलरची सोडत १९९९ पासून चालू आहे. एका सोडतीची पाच हजारच तिकिटं असतात, प्रत्येकी एक हजार दिरहमची. जमा होतात पन्नास लाख दिरहम आणि बक्षीस साधारण ३६ लाख ७० हजार दिरहमचं. म्हणजे शंभरातले त्र्याहत्तर परत. आपल्याकडच्या मानाने हा वाटा घसघशीत आहे, पण तो सगळाच्या सगळा एकाच्या हातात जातो. शिवाय तिकिटाची किंमत अशी की अनेक कामगारांना ते चार-पाच जणांत मिळूनच घ्यावं लागतं.

आता समजा, पहिलं बक्षीस लागलंच.

लॉटरीच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के आयकर आहे. तुमचं एरवीचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी तोच दर लागतो. गुंतवणुकीची वजावट नाही, नव्या करप्रणालीत कमी उत्पन्नाला मिळणारी करसवलत नाही, आणि आजवर तिकिटांवर घातलेले पैसेही खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. बक्षीस १० हजारांच्या वर असेल तर हा ३० टक्के टीडीएस कापूनच रक्कम हातात येते. इथे बहुतेक जण समजतात की कराचा विषय संपला. तो संपलेला नसतो. टीडीएस फक्त ३० टक्क्यांचा असतो. त्यावरचा अधिभार आणि ४ टक्के उपकर तुम्हालाच भरायचा असतो.

एक कोटीचं उदाहरण करू, दुसरं काही उत्पन्न नाही असं धरून. ३० टक्के म्हणजे ३० लाख. उत्पन्न ५० लाखांच्या वर म्हणून त्या करावर १० टक्के अधिभार, ३ लाख. या ३३ लाखांवर ४ टक्के उपकर, १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. कापले गेलेत ३० लाख, म्हणजे आणखी ४ लाख ३२ हजार भरणं बाकी. हे आगाऊ कराच्या उरलेल्या हप्त्यांत, उशिरात उशिरा ३१ मार्चपर्यंत भरावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. दरम्यान घर, गाडी, भाचीचं लग्न यांत पैसे गुंतलेले असले तर नोटीस येते तेव्हा धावपळ होते. कोटीचे शेवटी उरतात ६५ लाख ६८ हजार.

केरळात यात आणखी एक कात्री आहे. ज्या एजंटकडून तिकीट गेलं त्याचं कमिशन बक्षिसाच्या रकमेतूनच निघतं. २०२२ च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं होतं. आधी १० टक्के म्हणजे अडीच कोटी कमिशन गेलं, उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे हाती १५ कोटी ७५ लाख. आणि त्यावरचा अधिभार वेगळाच. गंमत म्हणजे एवढं प्रचंड वाटणारं हे बक्षीस एकूण विक्रीच्या मानाने लहानच होतं. ५०० रुपयांची साठ लाखांहून जास्त तिकिटं खपली होती, म्हणजे जमा रक्कम तीनशे कोटींच्या पुढे.

अशा रीतीने एकाच पैशावर सरकारचा हात तीनदा पडतो: विकताना जीएसटी, मग लॉटरी चालवणाऱ्या राज्याचा नफा, आणि जिंकल्यावर आयकर. ही सरकारची लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. लॉटरी मुळात निघालीच पैसा उभा करायला. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्यात १८१७ साली लॉटरी कमिटी नेमली गेली आणि त्या पैशातून रस्ते, तलाव झाले. मुंबईत आज एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाउन हॉलसाठीही लॉटरीने पैसा गोळा करायचा प्रयत्न झाला होता. केरळने ‘कारुण्य’ ही लॉटरी २०११ मध्ये काढली, ती गरिबांच्या औषधोपचारांच्या निधीसाठी. मला खटकतं ते इतकंच की हा कर स्वखुशीने भरणाऱ्यांत हातावर पोट असलेले लोक जास्त दिसतात.

महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तेव्हा मुंबईत मटका जोरात होता. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर सुरू झालेला आकड्यांचा हा धंदा पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यावर आला आणि गिरणगावात घराघरांत पोचला. लोक आकडा लावणारच असतील तर निदान सरकारमान्य जागी लावोत, हा राज्य लॉटरीमागचा एक विचार. केरळची लॉटरी त्याआधीची, १९६७ ची. तिची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला झाली. तिकीट एक रुपयाचं आणि पहिलं बक्षीस ५० हजारांचं होतं.

मटक्याचं सावट १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्यातही दिसतं. एका आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरावर बक्षीस देता येणार नाही, ही त्याची पहिलीच अट आहे. बाकीच्या अटी ग्राहकाने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. तिकिटावर राज्याचं नाव आणि चिन्ह हवं. सोडत राज्य सरकारनेच, राज्याच्या हद्दीतच काढायची. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत. बंपर सोडती, ज्यांना आपल्याकडे ‘भव्यतम’ म्हणतात, वर्षाला सहापेक्षा जास्त नाहीत. आठवड्याला एक ही अट असताना रोज सोडत कशी निघते? प्रत्येक वाराची लॉटरी वेगळ्या नावाची असते. केरळात मंगळवारी ‘स्त्री शक्ती’ आणि शनिवारी ‘कारुण्य’ यामुळेच. मात्र कुठल्याशा गाळ्यात पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी आकडा फिरत असेल, मग बोर्डावर ‘ऑनलाइन लॉटरी’ लिहिलेलं असो की लोक त्याला ‘चक्री’ म्हणोत, तर तो या कायद्यातला प्रकार नव्हे.

लॉटरी ठेवायची की नाही हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. महाराष्ट्र, गोवा, केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल आणि ईशान्येतली बरीच राज्यं यांत ती आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये बंद केली. तरी केरळच्या बंपरसाठी कोइंबतूरची माणसं सीमा ओलांडून पालक्काडला जातातच. खासगी माणसाने सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी काढणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानात होता आणि आता न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. गल्लीतल्या मंडळाने पैसे घेऊन कुपनं विकली आणि स्कूटरचा लकी ड्रॉ काढला, तर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे कलम एकदा वाचून ठेवलेलं बरं. म्हाडाच्या लॉटरीचा मात्र याच्याशी संबंध नाही. तिथे सोडतीने ठरतं ते घर विकत घेण्याचा हक्क कुणाला हे, आणि नंबर लागला नाही तर अनामत परत मिळते.

छापील तिकिटांच्या लॉटरीत नंबर ठरलेला येतो आणि तिकिटंही मोजकी असतात. दुसरा प्रकार, ज्यात आकडे आपण निवडायचे, त्याचं गणित फारच कठोर आहे. ४९ पैकी ६ आकडे निवडायचे तर जोड्या होतात १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६. सबंध मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आत होती. त्या सगळ्या गर्दीतून कुणीतरी डोळे झाकून एकाचा हात धरायचा आणि तो तुमचाच निघायचा, त्याहूनही ही शक्यता कमी. अमेरिकेतल्या पॉवरबॉलमध्ये तर एका तिकिटाची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. जिंकणारा कुणीच निघाला नाही की रक्कम पुढच्या सोडतीत जाते आणि फुगत राहते. २०२२ च्या नोव्हेंबरात ती दोन अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

आकडा कुठला निवडावा याचं शास्त्र सांगणारे टेबलाजवळ नेहमी भेटतात. मागच्या निकालांचे चार्ट, ‘बरेच दिवस आला नाही म्हणजे आता येणार’ असं गेसिंग. यंत्रातल्या चेंडूला मागची सोडत आठवत नाही. बल्गेरियात ६ सप्टेंबर २००९ ला ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे आले, आणि १० सप्टेंबरला पुन्हा तेच सहा. खळबळ माजली, चौकशीचे आदेश निघाले, पण तो निव्वळ योगायोग होता. माझ्या मते त्यातला खरा धडा वेगळाच. पहिल्या वेळी सहाही आकडे कुणालाच लागले नव्हते, दुसऱ्या वेळी अठरा जणांना लागले, कारण गेल्या वेळचेच आकडे लावणारे लोक असतात.

आकडे निवडून जिंकण्याची शक्यता वाढत नाही, पण बक्षीस किती जणांत वाटलं जाईल ते मात्र बदलतं. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ ला ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे आले आणि जॅकपॉट १ कोटी ६० लाख पौंडांच्या वर होता. विजेते निघाले १३३. प्रत्येकाच्या हाती साधारण १ लाख २२ हजार पौंड. लोक वाढदिवसाच्या तारखा लावतात, कुपनावर दिसायला छान दिसणारे आकडे लावतात, आणि मग त्याच आकड्यांवर गर्दी होते. निवडायचेच तर ३१ च्या वरचे, कुणाच्या तारखेत न बसणारे आकडे घ्यावेत, एवढाच काय तो फायदा.

सोडतीत गडबड होते का? झालेली आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९८० मध्ये ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंमध्ये रंग भरून ते जड केले होते. निकाल आला ६६६, आणि त्या आकड्यांवर अचानक लागलेल्या मोठ्या पैशांमुळे चोरी पकडली गेली. चेंडूंऐवजी संगणक आल्यावर चोरीही संगणकात शिरली. एडी टिप्टन हा तिथल्या अनेक राज्यांच्या लॉटऱ्या सांभाळणाऱ्या संस्थेत माहिती सुरक्षेचा प्रमुख. त्याने आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच फट ठेवली. वर्षातल्या ठरावीक दिवशी सोडत आली की आकडे आधी ओळखता येत. २०१० च्या एका सोडतीचं तिकीट घेताना तो दुकानातल्या कॅमेऱ्यात सापडला आणि २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. म्हणून सोडत लोकांसमोर, पंचांच्या देखत, यंत्र रिकामं दाखवून काढणं याला महत्त्व आहे. बंद खोलीतल्या सर्व्हरने काढलेल्या आकड्यावर कुणी कशाच्या जोरावर भरवसा ठेवायचा?

लोकांचे सर्वाधिक पैसे मात्र सोडतीतल्या गडबडीपेक्षा न घेतलेल्या तिकिटावर बुडतात. ‘केबीसी’च्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचा व्हॉट्सॲप संदेश, बहुतेकदा +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून. मग प्रोसेसिंग फी, मग जीएसटी, मग ‘बँक मॅनेजर’चा फोन. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातून कापला जातो, आधी भरून घेत नाहीत. परदेशी लॉटरीची तिकिटं घरबसल्या मिळवून देणाऱ्या वेबसाइटींपासूनही लांब राहावं. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत सरळ मनाई आहे. केरळची तिकिटंही कागदावरच विकली जातात. ती ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर विकणारा माणूस अधिकृत नसतो.

तिकीट घेतलंच तर मागची बारीक अक्षरं वाचा. केरळात दावा सोडतीपासून ३० दिवसांत करावा लागतो, आणि मुदतीत न मागितलेलं बक्षीस कायद्याने सरकारजमा होतं. ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस, असाच व्यवहार असल्यामुळे घेतल्या घेतल्या मागे नाव, पत्ता, सही करावी आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. भागीत घेतलं असेल तर कुणाचे किती रुपये हे सोडतीआधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. केरळात २०२३ मध्ये कचरा गोळा करणाऱ्या अकरा जणींनी मिळून घेतलेल्या २५० रुपयांच्या तिकिटाला १० कोटी लागले. माणशी पंचवीस रुपयेही नव्हते, पण वाटा कुणाचा हा प्रश्न नंतर निघाला असता तर तो माणशी नव्वद लाखांचा झाला असता.

आणि मोठं बक्षीस लागल्याची बातमी पसरली की घरी येणाऱ्यांत एक जण असाही असतो, जो तिकीटच विकत मागतो. रोख देतो, कर कापून जेवढे मिळाले असते त्याहून जास्त देतो. त्याला काळा पैसा पांढरा करायचा असतो: तिकीट त्याच्या नावावर वठतं, बँकेत कर भरलेली रक्कम जमा होते. तुमच्याकडे उरते हिशेब न देता येणारी रोकड. पुढे चौकशी झाली तर तुम्ही पैसे धुण्याच्या व्यवहारातले भागीदार ठरता, आणि मागे तुमची सही असलेलं तिकीट त्याला नको असतं, ते याच कारणाने.